आधी मोजा, मग दोष द्या

घरातील संगणक मंदावला की त्याचे कारण घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. आई म्हणते, "गेम भरून ठेवलेत, दुसरे काय!" थोरला भाऊ म्हणतो, "व्हायरस शिरला असणार." शेजारचे काका सांगतात, "मेमरी भरली." दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर तेथील मुलगा पडद्याकडे एक नजर टाकून म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, उद्या घेऊन जा." माणसे चार आणि निदानेही चार. गंमत अशी, की या चौघांपैकी एकानेही काही मोजलेले नसते.

विद्यार्थी मित्रहो, या लेखात मला एक साधे मत मांडावयाचे आहे. संगणक का मंदावला याचा शोध हा तुमच्या वयाच्या मुलामुलींना घरबसल्या करता येण्याजोगा एक उत्तम वैज्ञानिक प्रयोग आहे. आणि तो केल्यावाचून संगणक पुसून टाकणे, त्यात 'वेग वाढविणारी' आणखी एक आज्ञावली बसविणे किंवा नवा संगणक घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे.

मी ज्या भागात शिकवतो, तो रायगड जिल्ह्यातील कर्जत-खालापूरचा भाग. येथील कित्येक घरांत संगणक एकच असतो. तो कोणाच्या वडिलांनी खोपोलीच्या कारखान्यातील ओव्हरटाइमच्या पैशातून घेतलेला असतो, तर कोणाकडे मुंबईच्या एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला, दुसऱ्या हाताचा आलेला असतो. त्यावरच बहिणीचा प्रकल्प होतो, प्रवेशाचा अर्ज भरला जातो आणि सातबाराही पाहिला जातो. अशा घरात "आता नवाच घ्या" या तीन शब्दांची किंमत काही हजार रुपये असते. म्हणून हे शब्द उच्चारण्यापूर्वी पुरावा मागण्याचा हक्क त्या घराला आहे, असे मला वाटते.

मंद म्हणजे किती मंद?

कपाळाला हात लावून ताप आहे एवढे कळते. किती आहे, हे सांगायला तापमापीच लागते. 'संगणक फार स्लो झालाय' हे वाक्य कपाळाला हात लावण्यासारखे आहे. पहिले काम म्हणजे या भावनेची राशी करणे, म्हणजेच तिला आकडा आणि एकक देणे.

मोबाइलमधील स्टॉपवॉच घ्या. संगणक चालू करण्याचे बटण दाबल्यापासून, नोटपॅड उघडून त्यात तुम्ही टाइप केलेले पहिले अक्षर दिसेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. नुसते पडद्यावरचे चित्र दिसेपर्यंतचा वेळ धरू नका. चित्र दिसूनही संगणक काही काळ आपले ऐकत नाही, हा तुमचाही अनुभव असेल. एकाच नोंदीवर विसंबू नका. पाच नोंदी घ्या आणि सरासरी काढा. त्याबरोबर सर्वांत लहान व सर्वांत मोठी नोंदही लिहून ठेवा. या दोहोंतील अंतर पुढे फार उपयोगी पडणार आहे.

येथे एक खाचखळगा आहे. हल्लीच्या विंडोजमध्ये 'शट डाउन' केल्यावर संगणक पूर्णपणे नव्याने सुरू होईलच असे नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून तो आपल्या अवस्थेचा काही भाग जपून ठेवतो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र तो खरोखर पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणून नोंदी रीस्टार्टच्याच घ्या आणि पाचही वेळा वेळ मोजण्याची रीत तीच ठेवा. मध्येच वीज गेली आणि संगणक अचानक बंद पडला, तर त्यानंतरची पहिली नोंद सोडून द्या, कारण अशा वेळी तो चकतीची तपासणी करीत बसण्याचा संभव असतो. सोडलेली नोंद खोडू मात्र नका. ती का सोडली, ते शेजारी लिहा.

फडताळातले पुस्तक आणि टेबलावरचे पुस्तक

आता सर्वांत प्रचलित समजुतीकडे वळू. संगणकात जितक्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, भराल तितका तो जड होतो, ही ती समजूत. ती बहुधा बैलगाडीवरून आली असावी. गाडीत पोती वाढली की बैल दमतात हे खरे, पण संगणक पोती वाहत नाही.

बसवलेली पण न चालवलेली आज्ञावली ही फडताळात ठेवलेल्या पुस्तकासारखी असते. ती जागा अडवते, एवढेच. तुम्ही अभ्यास करीत आहात तो टेबलावरच्या पुस्तकांचा; फडताळात दहा पुस्तके असली काय आणि शंभर असली काय, तुमच्या वाचनाचा वेग बदलत नाही. फडताळ अगदी काठोकाठ भरले तर मात्र अडचण होते, कारण संगणकाला कामचलाऊ वस्तू ठेवायला थोडी मोकळी जागा लागतेच. पण चकती अर्धी रिकामी असताना, न चालणारा एखादा गेम काढून टाकल्याने संगणक पळू लागेल, अशी आशा धरण्याला काही आधार नाही.

मग बसवलेल्या आज्ञावल्यांमुळे संगणक मंदावतो हे खोटेच का? नव्हे. ते खरे आहे. पण ती आज्ञावली किती मोठी आहे यापेक्षा ती काय करते, यावर ते अवलंबून असते. त्याच्या तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे न बोलावता येणे. कित्येक आज्ञावल्या बसवताना स्वतःचे नाव संगणक सुरू होण्याच्या यादीत घालून ठेवतात. तुम्ही छपाईयंत्र महिन्यातून एकदा वापरता, पण त्याची मदतनीस आज्ञावली रोज सकाळी हजर असते. कोणी नवी आवृत्ती आली का ते पाहत असते, कोणी संदेशांची वाट पाहत असते. अशा पंधरा-वीस जणी एकाच वेळी दारातून आत शिरू पाहतात, आणि तुमचे नोटपॅड रांगेत मागे उभे राहते.

दुसरी वाट म्हणजे टेबल अडवणे. टेबल म्हणजे संगणकाची कार्यस्मृती, जिला आपण रॅम म्हणतो. चालू असलेली प्रत्येक आज्ञावली तिचा काही भाग व्यापते. टेबल भरले की संगणक त्यावरील काही कागद उचलून चकतीवर ठेवतो आणि लागतील तसे परत आणतो. ही ने-आण थोडी असेल तोवर जाणवत नाही. वाढली की काय होते, ते भौतिकशास्त्राच्या साध्या गणिताने पाहू.

दीड दिवसाची फेरी

जुन्या संगणकांत माहिती साठवण्यासाठी फिरती चकती असते. तिचा सामान्य वेग मिनिटाला ७,२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. एका फेरीला १/१२० सेकंद, म्हणजे सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी शीर्ष योग्य वर्तुळावर सरकायला हवे. त्याला सुमारे ९ मिलिसेकंद धरा. एकूण झाले सुमारे १३ मिलिसेकंद. याउलट कार्यस्मृतीतून एखादी गोष्ट मिळवायला साधारण १०० नॅनोसेकंद, म्हणजे ०.०००१ मिलिसेकंद लागतो. भागाकार करा: १,३०,००० पट!

हा आकडा मनात भरत नसेल, तर काळ ताणून पाहा. टेबलावरचा कागद उचलायला १ सेकंद लागतो असे मानले, तर तोच कागद फिरत्या चकतीवरून आणायला १,३०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ ३६ तास लागतील. एका कागदासाठी दीड दिवसाची फेरी! न फिरणारी, इलेक्ट्रॉनिक चकती, जिला एसएसडी म्हणतात, तिला त्याच प्रमाणात साधारण १७ मिनिटे लागतात. म्हणूनच जुन्या संगणकात ती बसवली की एवढा फरक पडतो. तो फरक जादूचा नाही. चाक फिरण्याची वाट पाहणे थांबले, एवढाच त्याचा अर्थ.

कार्यस्मृती अपुरी पडून संगणकाचा बहुतेक वेळ या ने-आणीतच जाऊ लागतो, त्या अवस्थेला 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९६८ साली या अवस्थेचे विश्लेषण मांडले. तिचे लक्षण ध्यानात ठेवा: चकतीचा दिवा सतत लुकलुकत असतो, प्रक्रियक मात्र जवळजवळ रिकामा बसलेला असतो. म्हणजे संगणक दमलेला नसून कागदाची वाट पाहत ताटकळलेला असतो. अशा वेळी अधिक वेगवान प्रक्रियक घेतल्याने काय होईल? तो अधिक वेगाने वाट पाहील!

नाक्यावरची रांग

तिसरी वाट म्हणजे रस्त्यात उभे राहणे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोलनाका तुम्ही ऐकला असेल, कदाचित सुट्टीच्या दिवशी तेथील रांगेत अडकलाही असाल. रस्ता चांगला, गाडी चांगली, तरी प्रत्येक वाहन नाक्यावर क्षणभर हळू झाले की रांग साचते. संगणकातील विषाणुरोधक आज्ञावली अशीच नाक्यावर उभी असते. उघडल्या जाणाऱ्या फाइली ती तपासते, आणि तिने तसे करणे आवश्यकही आहे. पण एखादी मोठी आज्ञावली सुरू होताना २,००० फाइली उघडत असेल आणि प्रत्येकीच्या तपासणीला ३ मिलिसेकंद लागत असतील, तर ६ सेकंद नाक्यावरच गेले. एक नाका हवाच. परंतु दोन निरनिराळ्या विषाणुरोधक आज्ञावल्या एकाच वेळी चालवणे म्हणजे एकामागे एक दोन नाके उभारणे होय. त्यातून सुरक्षितता दुप्पट होत नाही, आणि दोघी एकमेकींच्या कामात अडथळा आणतात. ब्राउझरला चिकटवलेली निरनिराळी जोडसाधनेही याच प्रकारातली. त्यांतील बरीचशी प्रत्येक पानावर आपली तपासणी करीत असतात.

याशिवाय काही कारणांचा आज्ञावल्यांशी संबंधच नसतो. मे महिन्यात आमच्याकडे कर्जतला पारा चाळीस अंशांच्या वर जातो. प्रक्रियकाच्या पंख्यात धूळ साचलेली असली, तर तापलेला प्रक्रियक स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. सकाळी चपळ आणि दुपारी मंद असा संगणक दिसला, तर आज्ञावल्यांना दोष देण्याआधी पंखा पाहा. "व्होल्टेज कमी आहे म्हणून कॉम्प्युटर हळू चालतो" असेही कोणी म्हणतो. पंख्याच्या बाबतीत ते खरे असले, तरी टेबलावरच्या संगणकातील वीजपुरवठा-पेटी आत ठरावीक दाबच पुरवते. दाब फारच उतरला तर संगणक बंद पडेल. हळू चालणार नाही. लॅपटॉप मात्र बॅटरीवर असताना वीज वाचवण्यासाठी वेग उतरवू शकतो. तेव्हा सर्व नोंदी एकाच स्थितीत घ्या.

आपला घाट कोठे आहे?

कारणे इतकी असली, तर खरे कोणते? येथे आमच्या कर्जत स्टेशनाकडून शिकण्यासारखे आहे. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात. प्रवासी खाली उतरून वडे घेतात, तेवढ्यात गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात. आम्ही त्यांना 'बँकर' म्हणतो. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर ३७ ला १ असा चढ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. मुंबई ते पुणे अंतर १९२ किलोमीटर. त्यांपैकी कर्जत ते लोणावळा केवळ २८. अंतराचा हा सातवा हिस्सा. पण वेगवान गाडीच्या सुमारे सव्वातीन तासांपैकी पाऊण तास, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, तेथे जातो.

आता समजा, सपाटीवरचा वेग आपण दुप्पट केला. सपाटीचे अडीच तास सव्वा तासावर येतील, पण घाटाचा पाऊण तास तसाच राहील. एकूण दोन तास, निम्मे नव्हेत. सपाटीवरचा वेग कितीही वाढवला, तरी पाऊण तासाच्या खाली तुम्ही येऊच शकत नाही. संगणकाच्या बाबतीत हाच हिशेब जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडला आणि तो त्यांच्या नावाने नियम म्हणून ओळखला जातो. रेल्वेला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून ती बँकर कर्जतला लावते, दादरला नव्हे.

आपल्या संगणकाचा घाट कोठे आहे हे अंदाजाने कळत नाही. तज्ज्ञांनाही नाही. डोनाल्ड क्नूथ या विख्यात संगणकशास्त्रज्ञाने १९७१ साली फोर्ट्रान भाषेतील अनेक आज्ञावल्या प्रत्यक्ष मोजून पाहिल्या. त्यांत असे आढळले, की आज्ञावलीचा ४ टक्क्यांहून कमी भाग सामान्यतः निम्म्याहून अधिक वेळ घेतो. तो भाग कोणता, ते मोजल्यावरच कळते.

प्रयोग

विंडोज असलेल्या संगणकात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात प्रक्रियक, स्मृती आणि चकती हे तीन रकाने आहेत. संगणक मंद झालेला असताना यांपैकी कोणता रकाना शंभर टक्क्यांजवळ आहे ते लिहून घ्या. तो तुमचा घाट. त्या रकान्याच्या शीर्षावर टिचकी मारली, की सर्वाधिक वाटा घेणारी आज्ञावली यादीत वर येईल. याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाचा विभाग आहे. न बोलावता येणाऱ्यांची यादी तेथे मिळेल.

समजा, या यादीत १६ नावे आहेत. एकेक बंद करून पाहायचे, तर १६ वेळा संगणक पुन्हा सुरू करावा लागेल. त्याऐवजी निम्मी, म्हणजे ८ बंद करा आणि मोजा. फरक पडला तर अपराधी त्या आठांत आहे. न पडला तर उरलेल्या आठांत. मग त्या आठांपैकी ४, मग २, मग १. सोळा संशयितांतून एक शोधायला चार चाचण्या पुरतात, बत्तीस असते तर पाच. प्रत्येक चाचणीत संशय निम्मा होतो. लॉगॅरिथमचा इतका सोपा उपयोग तुम्हांला क्वचितच भेटेल.

नोंदी कशा वाचाव्या, हे समजण्यासाठी काही कल्पित आकडे घेऊ. सुरुवातीच्या पाच नोंदी: १४२, १३८, १५१, १४० आणि १४४ सेकंद. सरासरी १४३. लहान-मोठ्यांतील अंतर १३ सेकंद. घरच्यांच्या आग्रहावरून सगळे गेम काढले आणि नोंदी आल्या १३९, १४७, १४१, १४८ व १३५, सरासरी १४२. एक सेकंद वाचला म्हणून टाळ्या वाजवायच्या का? नाही. काहीही न बदलता नोंदी १३ सेकंदांनी इकडेतिकडे होतात. त्यात हा एक सेकंद बुडून जातो. गेमांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, एवढेच म्हणता येईल. मग स्टार्टअपमधील आठ नावे बंद केली आणि नोंदी आल्या ८८, ९३, ८६, ९० व ८८, सरासरी ८९. आता ५४ सेकंदांचा फरक आहे. हा फरक नोंदींच्या स्वाभाविक चढउतारापेक्षा कितीतरी मोठा आहे. याला पुरावा म्हणतात.

काही पथ्ये पाळा. प्रयोगापूर्वी घरच्यांची परवानगी घ्या आणि छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि केलेला प्रत्येक बदल वहीत लिहा, म्हणजे तो उलटा फिरवता येईल. ज्याचे नाव ओळखत नाही, त्याला हात लावण्यापूर्वी ते काय आहे ते शोधा. विषाणुरोधक आज्ञावली बंद ठेवून इंटरनेटवर फिरू नका. आणि एक मर्यादा ध्यानात असू द्या: अपराधी दोन असून ते मिळून त्रास देत असतील, तर निम्मे-निम्मे करण्याची रीत गोंधळात पाडते. अर्ध्या-अर्ध्या भागाची बेरीज मूळ फरकाशी जुळत नसेल, तर असा संशय घ्यावा.

"पण फॉरमॅटने काम होतेच ना!"

हा आक्षेप योग्य आहे. संगणक पुसून नव्याने मांडला की तो बहुधा चपळ होतो. का होतो? कारण न बोलावता येणाऱ्या सगळ्याच जणी एकदम हद्दपार होतात. पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच आज्ञावल्या पुन्हा बसवता, त्या पुन्हा आपले नाव यादीत घालतात, आणि काही महिन्यांत पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढावी लागते. दुकानातील मुलालाही मी दोष देणार नाही. फॉरमॅटला किती वेळ लागतो ते त्याला ठाऊक असते. शोधाला किती लागेल ते सांगता येत नाही, आणि शोधाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. तुमच्याकडे मात्र वेळही आहे आणि संगणकही घरचाच आहे.

'एका टिचकीत वेग वाढवा' असे सांगणाऱ्या आज्ञावल्यांविषयी मात्र मी कठोर आहे. त्या स्वतःच बहुधा सुरुवातीच्या यादीत जाऊन बसतात, सतत चालू राहतात, आणि नेमके काय केले ते सांगत नाहीत. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या असतील, तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखे होते.

शोधाअंती असेही निघू शकते, की यंत्र खरोखरच अपुरे आहे. विंडोज १० साठीची सर्वसाधारण मोफत सुरक्षा-सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यामुळे काही जुन्या संगणकांपुढे वेगाखेरीज सुरक्षेचाही प्रश्न आहे. अशा वेळी हलकी कार्यप्रणाली, थोडी अधिक कार्यस्मृती, न फिरणारी चकती किंवा शेवटी नवा संगणक, यांतून निवड करावी लागेल. पण ती निवड आकड्यांवर उभी असेल. टास्क मॅनेजरमध्ये स्मृतीचा रकाना भरलेला आहे हे ज्याने पाहिले, तो स्मृती वाढवील. ज्याने पाहिले नाही, तो सगळा संगणक बदलील.

दोष कुणाचा?

थोडा दोष आज्ञावल्या लिहिणाऱ्यांकडेही जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली पूर्ण स्वरूपात काम करू लागला. त्याच्या कार्यस्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे एकूण ८१,९२० बिट. आज ४ जीबी कार्यस्मृतीचा संगणक आपण जुनाट समजतो, आणि तिच्यात त्याच्या चार लाखांहून अधिक पट बिट असतात! टिफ्रॅकवर काम करणाऱ्यांना एकेका शब्दाचा हिशेब ठेवावा लागे. जागा मुबलक झाली तसा तो हिशेब सुटला. पास्कल या संगणकभाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी १९९५ साली एका लेखात अशी तक्रारच केली, की यंत्रांचा वेग जितक्या झपाट्याने वाढतो, त्याहून अधिक झपाट्याने आज्ञावल्या मंद होत चालल्या आहेत. उद्या तुमच्यापैकी कोणी आज्ञावल्या लिहील. तेव्हा ४ जीबीवर चालणारा एखाद्या घरातील एकुलता एक संगणक आठवा.

शिक्षकांना विनंती

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. आपल्या प्रयोगशाळेत मुले दोलकाचा आवर्तकाल मोजतात, ओहमचा नियम पडताळतात. हे प्रयोग हवेतच. पण त्यांचे उत्तर मुलांना आधीपासून ठाऊक असते, आणि म्हणून कित्येकदा उत्तरावरून मागे येत नोंदी बेतल्या जातात, हे आपण सर्व जाणतो. शाळेतील संगणककक्षातला एखादा मंद संगणक ही अशी दुर्मीळ वस्तू आहे, की जिचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले नाही. ते मुलांनाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. चार-चार मुलांचे गट करावेत, आधी प्रत्येक गटाने आपला अंदाज फळ्यावर लिहावा, मग मोजावे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, अनुमान हे नेहमीचे रकाने येथे चपखल बसतात. याला परीक्षेत गुण नाहीत, हे खरे. परंतु फळ्यावर लिहिलेला आपला अंदाज आपल्याच नोंदींनी खोटा ठरवला, हा अनुभव शाळेत एकदा तरी यावा. औषधाच्या जाहिरातीपुढे, पावसाच्या अफवेपुढे किंवा मोबाइलवर फिरत आलेल्या ठाम विधानापुढे "हे कोणी मोजले?" असे विचारण्याचे बळ त्यातूनच येते.

तेव्हा या आठवड्यात एक वही करा. पहिल्या पानावर संगणकाची कार्यस्मृती, चकतीचा प्रकार आणि मोकळी जागा लिहा. दुसऱ्यावर पाच नोंदी आणि त्यांची सरासरी. पुढे जेव्हा जेव्हा नवी आज्ञावली बसवाल, तेव्हा तिचे नाव व तारीख लिहून पुन्हा पाच नोंदी घ्या. संगणक ठणठणीत असतानाच ही वही सुरू करणे सर्वांत चांगले, कारण पुढे तो मंदावला तर तुलनेसाठी आकडा तयार असेल, आणि कोणत्या तारखेनंतर तो मंदावला, हे वहीच सांगेल.